पाणबुड्याचे ओझे

समुद्रात बुडण्यासाठी माणसाला मदत लागते, असे म्हटले तर वाचकांना हसू येईल. पण छातीत भरपूर दम भरून घेतलेला माणूस खाऱ्या पाण्यात बुचासारखा वर राहतो. हातपाय मारून खाली जावे, तर निम्मा दम वाटेतच संपतो. म्हणून मोती, शंख किंवा स्पंज काढणाऱ्या जुन्या लोकांनी ठिकठिकाणी एकच तोड काढली. त्यांनी दगडाची मदत घेतली. हा दगड किती जड असावा, या साध्या प्रश्नाचा इतिहास मला मोत्यांच्या इतिहासाहून अधिक रंजक वाटतो.

आपल्याला सर्वांत जवळचे उदाहरण म्हणजे भारत आणि श्रीलंका यांच्यामधील मनारचे आखात. रॉबर्ट पर्सिव्हल या इंग्रज अधिकाऱ्याने १८०३ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात तिथल्या मोतीवाल्यांचे वर्णन केले आहे. पाणबुड्या पायाच्या बोटांत दगडाची दोरी धरी, एका हाताने नाक दाबी आणि सरळ तळाला जाई. तळ गाठला की दगड सोडून द्यायचा, शिंपले जाळीत भरायचे आणि दोरीला हिसका द्यायचा. मग होडीतला सोबती त्याला वर ओढून घेई. किनाऱ्यावर शार्क माशांची तोंडे मंत्राने बांधणारा मांत्रिक बसलेला असे. त्याच्याशिवाय कोणी पाण्यात उतरत नसे. पर्सिव्हलने आणखी एक बारीक गोष्ट टिपली आहे. काही पाणबुडे अर्धचंद्राच्या आकाराचा दगड पोटाला बांधीत, म्हणजे पाय मोकळे राहत. आजच्या शिशाच्या पट्ट्याचा हा पणजोबाच म्हणायचा.

ग्रीक बेटांवरचे स्पंज काढणारे आठ ते चौदा किलोंची गुळगुळीत, चपटी शिळा हातात धरून उडी घेत. शिळा तिरपी केली की ती सुकाणूचे काम करी. १९१३ साली कार्पाथोस बेटाजवळ ‘रेजिना मार्गेरिता’ या इटालियन युद्धनौकेचा नांगर तळाला गेला. तो शोधायला सिमी बेटाचा स्टाथिस हाट्झिस पुढे आला. नौकेवरच्या डॉक्टरांनी त्याला तपासले, तर शरीर किरकोळ आणि कानांचे पडदे खराब. जमिनीवर त्याला धड मिनिटभरही दम धरता येईना! हाच माणूस शिळा धरून सत्तर मीटरांहून अधिक खोल गेला आणि नांगराचा पत्ता लावून आला. कादंबरीत असे पात्र घातले असते, तर संपादकांनी ते मला परत पाठवले असते.

आता थोडे गणित पाहू. मास्तरकीची सवय सुटत नाही. छातीत सहा लिटर हवा घेऊन निघालेल्या माणसाच्या त्या हवेचे दहा मीटरांवर तीन लिटर होतात आणि वीस मीटरांवर दोनच. वरच्या पाण्याच्या दाबाने हवा आकसते. जितकी हवा आकसली तितके पाणी कमी सारले जाते आणि तितका आधार जातो. म्हणजे पृष्ठभागावर जो जेमतेम तरंगतो, तो वीस मीटरांवर चार किलोंनी जड झालेला असतो. खाली जाताना हे सुखाचे वाटते. परत येताना मात्र ते चार किलो स्वतःच्याच पायांनी वर न्यायचे असतात, आणि तेही दम संपत आल्यावर.

१९५२ साली अमेरिकेत ह्यू ब्रॅडनर यांनी रबरी पोशाख तयार केला आणि या हिशेबात भर पडली. पोशाखातले हवेचे बुडबुडे वर तरंगवतात आणि खाली तेही आकसतात. भाला घेऊन मासे मारणारे हौशी लोक आता कमरेला शिसे बांधतात. त्यांतले जाणते लोक ते बेताचेच घेतात. सगळा श्वास सोडला तरी पृष्ठभागावर डोळ्यांपर्यंत तरंगता यावे आणि सुमारे दहा मीटरांवर तोल साधावा, एवढेच. पट्टाही असा, की एका हाताने झटकन सुटावा. कारण शुद्ध हरपण्याचा सर्वांत मोठा धोका शेवटच्या दहा मीटरांत, म्हणजे वर येताना असतो. दाब उतरतो तसा रक्तातला प्राणवायू एकाएकी अपुरा पडतो. त्या क्षणी हलका माणूस आपोआप वर येतो आणि सोबत्याला सापडतो. शिशाचा लोभ धरलेला माणूस मुकाट्याने तळाला जातो.

मग ते ग्रीक आणि मनारचे लोक एवढे जड दगड कसे नेत? उत्तर होडीत बसलेले असे. वर दोरी धरणारा माणूस आहे, म्हणून खाली जाणाऱ्याला ओझ्याची चैन परवडे.

जपानच्या ‘आमा’ या पाणबुड्या स्त्रियांत हे फारच स्वच्छ दिसते. त्यांच्यात जुन्या काळापासून दोन पद्धती आहेत. एकीत बाई एकटीच किनाऱ्याजवळ उतरे. ती वजन घेत नसे आणि पाच-दहा मीटरांपलीकडे सहसा जात नसे. दुसरीत बाईबरोबर होडी असे आणि होडीत बहुधा तिचा नवरा. ती मोठे वजन धरून वीस मीटरांपर्यंत झपाट्याने उतरे, तळाशी अर्धा मिनिट शिंपले वेची आणि खूण करी. तिला आणि त्या वजनाला वर ओढण्याचे काम नवऱ्याचे. पुढे रबरी पोशाख त्यांच्याही अंगावर आले आणि एकट्या उतरणाऱ्या बायकांच्या कमरेलाही शिसे आले. आता आमांची संख्या बरीच घटली आहे, आणि उरलेल्यांत पुष्कळजणी आजीच्या वयाच्या आहेत.