क्रॅथिसच्या जिन्यावर

पाय जपून टाका. चक्री दगडी जिना अरुंद आहे आणि मशालीच्या उजेडापेक्षा धूरच जास्त. साल १५९६, स्कॉटलंडमधल्या डी नदीकाठचा क्रॅथिस वाडा. मधली एक पायरी बाकीच्यांपेक्षा वेगळ्या उंचीची. घरच्यांना ती पाठ, तुम्ही मात्र ठेचकाळता. रात्री चाल करून येणाऱ्यानेही असेच आपटावे, म्हणून ती मुद्दाम तशी बांधलेली.

दिवाणखान्यात हस्तिदंती शिंग टांगलेले दिसते. १३२३ मध्ये राजा रॉबर्ट ब्रूसने बर्नेट घराण्याला इथली जमीन दिली, त्याची ही खूण असे घरचे सांगतात. त्यानंतर पिढ्यान् पिढ्या हे लोक जवळच्या तळ्यातल्या मानवनिर्मित बेटावर राहिले. क्रॅथिसचा पाया १५५३ मध्ये घातला. राणी मेरीच्या काळातली धामधूम आड आली आणि काम पुरे व्हायला ४३ वर्षे गेली. बाहेर जाऊन बघा: खाली भिंती जाड आणि कोऱ्या, वर मात्र टोकदार टोप्यांचे बुरूज. हा सगळा थाट लढण्यापेक्षा मिरवण्यासाठीच, असे मला वाटते.

तीन वर्षे पुढे या. ओल्या रंगाचा वास येतोय ना? छताच्या तुळयांमधल्या फळ्यांवर कलादेवता उमटताहेत. १६०२ पर्यंत शेजारच्या दालनात हेक्टर, सिकंदर, सीझर, राजा आर्थरही येऊन बसतील आणि तुळयांवर स्कॉट्स बोलीतली सुभाषिते. पुढच्या पिढ्यांना हे आवडेनासे झाले. छते झाकली गेली. १८७७ मध्ये ती पुन्हा उघडी पडली तेव्हा रंग टिकून होते. झाकणाऱ्यांचे उपकारच म्हणायचे!

इथे हिरव्या वस्त्रातल्या बाईचे भूत फिरते म्हणतात; ते भेटेल या आशेने थांबू नका, बागेत उतरा. १७०२ च्या सुमारास लावलेली यू वृक्षांची कुंपणे आजही भिंतीसारखी कातरलेली आहेत. १९६६ च्या आगीत वाड्याची नंतर जोडलेली बाजू जळाली. जुना मनोरा मात्र वाचला.

आता शेवटची उडी, सुमारे दहा हजार वर्षे मागे. वाड्याजवळच्या वॉरन फील्डमध्ये शिकारी माणसे कमानीसारख्या ओळीत १२ खड्डे खणताहेत. चंद्राच्या कलांवरून महिने मोजायची ती सोय होती, असा काही पुरातत्त्वज्ञांचा अंदाज आहे. क्रॅथिसला गेलात तर मनोरा बघून परत फिरू नका. या शेतापर्यंत जाऊन या.