भूलभुलैयाच्या आधीचा वाडा



‘भूलभुलैया’ टीव्हीवर लागला की आपल्याकडे स्वयंपाक थांबतो. बंद खोली, रात्री घुंगरांचा आवाज, विद्या बालनचे ते डोळे, आणि आपले विक्रम गोखले आचार्याच्या वेषात. गटाच्या बैठकीत कुणीतरी विचारतंच, “ताई, तो वाडा खरा आहे का हो?”

खरा आहे. जयपूरजवळ चोमू नावाचं गाव आहे, तिथला तो राजवाडा. आता तिथे हॉटेल आहे. पण मला सांगायचंय ते त्याच्याही आधीच्या वाड्याबद्दल, कारण ही गोष्ट मूळची राजस्थानची नाही, केरळची आहे. १९९३ साली फाझिल यांनी ‘मणिचित्रताळ’ नावाचा मल्याळी सिनेमा काढला. ताळ म्हणजे कुलूप, नक्षीचं कुलूप. त्यात गंगाचं काम शोभना यांनी केलं आणि त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. प्रियदर्शन तेव्हा फाझिल यांच्या मदतीला होते. त्यांनीच पुढे २००७ मध्ये हिंदी ‘भूलभुलैया’ काढला.

मल्याळी सिनेमात जे एक घर दिसतं, ते खरं तर दोन राजवाड्यांचं जोडकाम आहे. एक कोचीजवळच्या त्रिपुनितुरा इथला हिल पॅलेस, कोचीच्या राजांचा. आज तिथे सरकारी संग्रहालय आहे. दुसरा पद्मनाभपुरमचा, त्रावणकोरच्या राजांचा. दोन्हींत अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास. पडद्यावर बाई एका वाड्यातून चालत दुसऱ्या वाड्यात जाते आणि आपल्याला पत्ताही लागत नाही!

सिनेमातली बंद खोली ‘तेक्किनी’त आहे. तेक्किनी म्हणजे घराचा दक्षिणेकडचा सोपा. केरळातलं जुनं मोठं घर आपल्या चौसोपी वाड्यासारखंच असतं. मध्ये चौक, चार बाजूंना चार सोपे, आणि प्रत्येक सोप्याला दिशेवरून नाव. अशा पुष्कळ घराण्यांत वारसा आईकडून चालायचा. मुलगी लग्न होऊन घर सोडत नसे, तिची मुलं तिच्याच घरची. त्रावणकोरच्या राजघराण्यातही राजानंतर गादी राजाच्या मुलाला नाही, बहिणीच्या मुलाला. ऐकायला छान वाटतं ना? पण कारभार बघायचा घरातला वडील पुरुष, बहुधा मामा. घर बाईच्या वंशाचं आणि किल्ल्या मामाच्या कमरेला. सातबाऱ्यावर नाव लागलेल्या आणि तरी शेतातला एक निर्णयही न घेणाऱ्या आपल्या बायकांना हे वेगळं समजावून सांगायला नको. सिनेमातला दुष्ट मनुष्यही असाच घरचा कारभारी आहे.

पद्मनाभपुरम १७९५ पर्यंत त्रावणकोरची राजधानी होतं, मग ती तिरुवनंतपुरमला गेली. गंमत अशी की १९५६ ला राज्यांची फेररचना झाली तेव्हा हा भाग तमिळनाडूत गेला, पण वाड्याची देखभाल आजही केरळचं पुरातत्त्व खातं करतं. सगळा वाडा लाकडी, उतरत्या कौलारू छपरांचा. त्यातला सगळ्यात जुना भाग म्हणजे ‘ताय कोट्टारम’, आईचा वाडा. तिथे फणसाच्या लाकडाचा कोरीव खांब आहे. जमीन काळी कुळकुळीत, आरशासारखी. चुना, नारळाच्या करवंटीचा कोळसा आणि अंड्याचा पांढरा बलक मिसळून ती केली असं सांगतात. शेणाने सारवणाऱ्या आपल्या हातांना कळेल की ती घोटून घोटून अशी चकाकायला किती दिवस लागले असतील. एक लांबच लांब भोजनशाळा आहे, हजारेक माणसं बसतील एवढी. तिथे ब्राह्मणांना फुकट जेवण मिळायचं. लोणच्याच्या मोठमोठ्या चिनी बरण्या अजून ठेवलेल्या आहेत.

आणि नवरात्र मंडप. दगडी खांबांचा. इथे नाच-गाणं व्हायचं, आणि राजघराण्यातल्या बायका लाकडी जाळीमागून बघायच्या. शेजारीच सरस्वतीचं देऊळ आहे. दर नवरात्रात ही सरस्वती मिरवत तिरुवनंतपुरमला जाते आणि परत येते. सिनेमातली नागवल्ली सूड घ्यायला निवडते ती रात्रही दुर्गाष्टमीची.

नागवल्ली तंजावरची नर्तकी दाखवली आहे. तंजावरला पावणेदोनशे वर्षं आपल्या भोसल्यांचं राज्य होतं. सरफोजी राजांच्या दरबारात चार भाऊ नृत्याचे गुरू होते, आणि त्यांतला वडिवेलु पुढे त्रावणकोरच्या स्वाती तिरुनाळ राजाकडे गेला. म्हणजे तंजावरचं नृत्य केरळात येणं ही लेखकाने हवेत रचलेली गोष्ट नाही. नागवल्ली मात्र रचलेली.

खऱ्या बायकांचं काय? जाळीमागच्या तर सांगितल्याच. वाड्याबाहेरच्या ऐका. त्रावणकोरच्या दक्षिण भागात, याच मुलखात, नाडार आणि इतर खालच्या मानलेल्या जातींच्या बायकांना उच्च जातींसमोर छाती झाकायची बंदी होती. ज्या झाकून बाहेर पडल्या त्यांची वस्त्रं भर बाजारात फाडली गेली. १८२२ मध्ये कल्कुळमला यावरून दंगा झाला, आणि कल्कुळम हेच पद्मनाभपुरमचं जुनं नाव. या बायका मागे हटल्या नाहीत. घरं, शाळा जळल्या, मारहाण झाली. शेवटी मद्रासच्या इंग्रज गव्हर्नरने दबाव आणल्यावर १८५९ साली राजाने जाहीरनामा काढला की नाडार बायकांनी अंग झाकायला हरकत नाही. त्यातही अट होतीच, उच्च जातीच्या बायकांसारखं वस्त्र घ्यायचं नाही. सिनेमातल्या घुंगरांनी मला कधी झोप उडाल्यासारखं झालं नाही, पण हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा झालं.

सिनेमाने एक गोष्ट मात्र चांगली केली. गंगाला भूत लागलेलं नाही, तिचं मन आजारी आहे, हे त्यात स्पष्ट सांगितलं. आईवडील दूर, आजीजवळ वाढलेली, लहानपणी साचलेलं दुःख. मांत्रिकसुद्धा डॉक्टरच्या बाजूने उभा राहतो. उपचार मात्र फारच नाटकी दाखवलेत. एका रात्रीत बाहुली कापून कुणी बरं होत नाही, त्याला महिनोन्‌महिने डॉक्टर, औषध आणि घरच्यांची साथ लागते. तुमच्या वस्तीत कुणी अशी बाई असेल आणि घरचे तिला देवऋषाकडे न्यायला निघाले असतील, तर १४४१६ हा सरकारी फोन नंबर लिहून घ्या. टेलिमानस म्हणतात त्याला. दिवसरात्र चालतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

आपल्यातले काही गट सहलीला कन्याकुमारीला जातात, विवेकानंदांचं शिलास्मारक बघतात आणि परततात. तिथून पद्मनाभपुरम पस्तीसेक किलोमीटरवर आहे, तक्कलै गावाजवळ. सोमवारी बंद असतं. नवरात्र मंडपात गेलात की खांब बघून लगेच निघू नका, त्या जाळीच्या मागे जरा उभ्या राहा आणि तिथून नाच केवढा दिसत असेल ते बघा.