दगडातील वीण

नाव ठेवणे सोपे, ओळख पटणे कठीण, याचा प्रत्यय जीवाश्मांच्या इतिहासात वारंवार येतो. दक्षिण इंग्लंडच्या पांढऱ्या खडूच्या कड्यांत पेल्यांच्या व नरसाळ्यांच्या घाटाचे अश्म सापडतात. ते क्रिटेशस काळाच्या, म्हणजे 14.5 ते 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या कालखंडाच्या, उत्तरार्धातील होत. ससेक्समधील वैद्य गिडिअन मँटेल यांनी 1822 मध्ये त्यांना 'व्हेंट्रिक्युलाइट्स' हे नाव दिले. पण हा प्राणी कोणता?

1848 मध्ये कायदेपंडित टूलमिन स्मिथ यांनी त्याचे सूक्ष्म निरीक्षण केले. तंतूंच्या जाळीत प्रत्येक गाठीशी अष्टफलकी रचना आहे, हे त्यांनी अचूक टिपले. मात्र हे स्पंज नसून ब्रायोझोआ, म्हणजे वसाहती करून राहणारे सूक्ष्म प्राणी होत, असा निष्कर्ष काढला. नजर खरी होती. तुलनेला जिवंत आप्त हाती नव्हता.

तो 1868 नंतर मिळाला. वायव्हिल थॉमसन यांच्या सागरी मोहिमांत अटलांटिकच्या खोल गाळातून जिवंत काच-स्पंज वर आले आणि या अश्मांशी त्यांचे नाते उघड झाले. पुढे 1877 पासून म्युनिकच्या कार्ल झिटेल यांनी बाह्य आकार बाजूस सारून सांगाड्यातील कंटिकांच्या रचनेवर जीवाश्म स्पंजांचे वर्गीकरण उभारले. सहा टोकांच्या, परस्परांशी काटकोन करणाऱ्या वालुकामय कंटिका दिसल्या, की तो काच-स्पंज. आकार मात्र पाण्याच्या प्रवाहाने व तळाच्या स्वरूपाने बदलतो, तो फसवतो. पुष्कळदा मूळ सिलिका विरघळून जाते आणि जाळीची केवळ तांबूस, गंजासारखी खूण खडूत उरते. अश्म घासून लख्ख करणारा संग्राहक नेमका हाच पुरावा पुसतो.

आम्हां माळव्यातील मंडळींना हा धडा परका नाही. धार जिल्ह्यात बाग परिसरात क्रिटेशस समुद्राचे चुनखडक आहेत. ब्लॅनफर्ड यांनी 1869 मध्ये त्यांचे वर्णन केले. त्यांतील एका थराला 'कोरलाइन', म्हणजे प्रवाळी, चुनखडक म्हणतात. प्रत्यक्षात तो मुख्यतः ब्रायोझोआंच्या तुकड्यांनी भरलेला आहे. तिकडे स्पंजाला ब्रायोझोआ ठरवले गेले, इकडे ब्रायोझोआंच्या थराला प्रवाळाचे नाव चिकटले. तिकडची चूक दुरुस्त झाली. इकडचे नाव रूढ होऊन बसले आहे. म्हणून बागेच्या वाटेवर असा दगड हाती आला, तर तो घासू नये; जागेची नोंद करून जाणत्यास दाखवावा, एवढीच आमची विनंती.