म्हातारचळ ते स्मृतिभ्रंश : एकट्या राहणाऱ्या वृद्ध पालकांच्या सुरक्षिततेचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :

वृद्ध मातापित्यांचा सांभाळ हा भारतीय कुटुंबव्यवस्थेचा स्वाभाविक धर्म मानला गेला आहे. घरात मुलगा-सून, शेजारी भाऊबंद आणि त्यांच्यामध्ये वृद्ध आईवडील हे चित्र गृहीत धरूनच समाजाने आपल्या चालीरीती व राज्यसंस्थेने आपले कायदे घडविले. शिक्षण, नोकरी व परदेशगमन यांमुळे मुले दूर गेली आणि हे गृहीतक ढासळू लागले. २०११ च्या जनगणनेनुसार देशाच्या लोकसंख्येत ६० वर्षे व त्यावरील व्यक्तींचे प्रमाण ८.६ टक्के होते. महाराष्ट्रात ते ९.९ टक्के, तर गोव्यात ११.२ टक्के होते. अशा काळात एकट्या राहणाऱ्या पालकास स्मृतिभ्रंश झाला, तर त्याच्या सुरक्षिततेची व्यवस्था कोणी आणि केव्हा करावी, हा प्रश्न उपस्थित होतो. प्रस्तुत लेखात आजाराची ओळख, कायद्याची वाटचाल आणि गोव्यातील एक प्रयोग यांच्या आधारे या प्रश्नाचा मागोवा घेतला आहे.

आजाराची ओळख :

'साठी बुद्धी नाठी' ही म्हण आणि 'म्हातारचळ' हा शब्द मराठी समाजाची या विषयाकडे पाहण्याची दृष्टी स्पष्ट करतात. विस्मरण हा वयाचा दोष मानला गेल्यामुळे वृद्धास वेडेपणाचा कलंक लागला नाही, ही या दृष्टीची जमेची बाजू होय. परंतु जे वयामुळेच होते त्यावर उपाय कसला, या समजुतीमुळे वैद्यकीय मदतही घेतली गेली नाही. 'स्मृतिभ्रंश' हा शब्द भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात येतो. मात्र तेथे त्याचा संदर्भ क्रोध व मोह यांतून होणाऱ्या विवेकनाशाचा आहे. आजाराचे नाव म्हणून त्याचा वापर अलीकडचा आहे.

पाश्चात्त्य वैद्यकातही ही वाटचाल सरळ झाली नाही. फ्रँकफुर्ट येथील रुग्णालयात १९०१ मध्ये दाखल झालेल्या ५१ वर्षांच्या एका स्त्रीचा अभ्यास डॉ. आलोइस अल्झायमर यांनी केला व १९०६ मध्ये ट्यूबिंगेन येथे तो मांडला. १९१० मध्ये एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या ग्रंथात या आजारास अल्झायमर यांचे नाव दिले. तरीही कित्येक दशके तो तुलनेने कमी वयातील दुर्मीळ विकार समजला जात होता. उतारवयातील विस्मरण हे बहुतांशी याच आजाराचे रूप आहे, हा विचार १९७६ मध्ये रॉबर्ट कॅट्झमन यांच्या लेखानंतर दृढ झाला. भारतात १९९२ मध्ये केरळमधील कुन्नमकुलम येथे 'अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया' ही संस्था स्थापन झाली आणि या विषयास संघटित स्वरूप आले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रव्यापी अभ्यासाने ६० वर्षे व त्यावरील भारतीयांमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्ती, असल्याचा अंदाज दिला.

कायद्याची वाटचाल :

भारतीय कायद्याने वृद्ध पालकांचा विचार प्रामुख्याने पोटगीच्या अंगाने केला. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने वृद्ध व अशक्त मातापित्यांच्या निर्वाहाची जबाबदारी मुलगा व मुलगी या दोघांवर टाकली. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ मध्ये मातापित्यांचा समावेश झाला. विवाहित मुलगीही या कलमाखाली जबाबदार ठरते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील एका प्रकरणात १९८७ मध्ये दिला. २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण कायद्याने न्यायाधिकरणाची सोय केली. तथापि, त्यातील 'निर्वाह' या संज्ञेत अन्न, वस्त्र, निवारा व वैद्यकीय उपचार येतात. गॅसची शेगडी सुरू ठेवून विसरणाऱ्या आईजवळ दुपारी कोण असेल, या प्रश्नाचे उत्तर पोटगीच्या आदेशात मिळत नाही. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी पोलीस ठाण्याने ठेवावी व महिन्यातून किमान एकदा त्यांची भेट घ्यावी, ही या कायद्याखालील केंद्राच्या आदर्श नियमांतील तरतूद मात्र या दृष्टीने महत्त्वाची आहे.

मालमत्तेच्या बाबतीत अडचण अधिक गंभीर आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम २०१ नुसार, अधिकार देणारी व्यक्ती विकलमनस्क झाल्यास तिने दिलेले मुखत्यारपत्र संपुष्टात येते. म्हणजे ज्या प्रसंगासाठी अनेक कुटुंबे मुखत्यारपत्र करून ठेवतात, नेमक्या त्याच प्रसंगी ते निरुपयोगी ठरते. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात जिल्हा न्यायालयामार्फत मालमत्तेचा व्यवस्थापक नेमण्याची सोय होती. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात ती राहिली नाही. या नव्या कायद्याने आपल्या उपचारांविषयी आगाऊ लेखी निर्देश देण्याचा व आपला प्रतिनिधी नेमण्याचा हक्क दिला. परंतु हा हक्क उपचारांपुरता मर्यादित असून आगाऊ निर्देश निर्णयक्षमता शाबूत असतानाच द्यावे लागतात.

गोव्यातील प्रयोग :

विक्रम पटेल व मार्टिन प्रिन्स यांनी गोव्यात केलेल्या व २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, लोक स्मृतिभ्रंशाची लक्षणे ओळखतात पण ती वार्धक्याचा स्वाभाविक भाग मानतात, असे आढळले. त्यानंतर डॉ. अमित डायस व सहकाऱ्यांनी दोन तालुक्यांत ८१ कुटुंबांसह गृहसेवेची चाचणी घेतली; तिचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. यात स्थानिक भाषा जाणणाऱ्या, अल्पकालीन प्रशिक्षण घेतलेल्या सामान्य कार्यकर्त्यांनी सहा महिने घरोघरी भेटी दिल्या. आजाराची माहिती देणे, वर्तनातील बदल कसे हाताळावेत हे सांगणे, गरजेनुसार डॉक्टरांकडे पाठविणे आणि शासकीय योजनांची माहिती पुरविणे, असे त्यांचे काम होते. सांभाळ करणाऱ्यांच्या मानसिक आरोग्यात यामुळे लक्षणीय सुधारणा दिसून आली.

या प्रयोगाचे मोल त्याच्या साधेपणात आहे. मात्र रुग्णाबरोबर सांभाळ करणारी व्यक्ती असणे ही त्यातील सहभागाची अट होती. साहजिकच ज्या पालकाजवळ कोणीच नाही, तो या प्रयोगाच्या कक्षेबाहेर राहिला.

पूर्वनियोजनाची दिशा :

वरील विवेचनावरून नियोजनाचा काळ कोणता, हे स्पष्ट होते. निदान झाल्यानंतरच्या पहिल्या टप्प्यात पालक बरेच निर्णय स्वतः घेऊ शकतो. मृत्युपत्र, बँकेतील संयुक्त खाते, उपचारांविषयीचे निर्देश व प्रतिनिधीची नेमणूक ही कामे याच काळात, त्याच्या संमतीने व्हावयास हवीत. घरात गॅस आपोआप बंद होण्याची सोय, वारानुसार कप्पे असलेला औषधांचा डबा, पालकाच्या खिशात किंवा गळ्यात नाव व दूरध्वनी क्रमांक, विश्वासू शेजाऱ्याकडे दुसरी किल्ली आणि रोज ठरावीक वेळी येणारी एक व्यक्ती एवढ्या गोष्टींनी अनेक धोके कमी होतात. पोलीस ठाण्यात नोंदणी करणे व ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही राष्ट्रीय मदतवाहिनी ठाऊक असणे हेही उपयुक्त ठरते. पालक वाट चुकू लागला, जेवण विसरू लागला किंवा अनोळखी व्यक्तींना पैसे देऊ लागला, तर एकटे राहण्याची व्यवस्था बदलण्याची वेळ आली असे समजावे. ही वेळ कशी ओळखायची व त्यानंतर कोठे राहायचे, हेही त्याच्याशी आधीच बोलून ठरविणे इष्ट होय.

निष्कर्ष :

१. विस्मरणास वयाचा दोष मानण्याच्या परंपरेमुळे निदानास, आणि पर्यायाने नियोजनास, विलंब होतो.

२. भारतीय कायद्याने पालकांच्या निर्वाहाची काळजी घेतली; परंतु विस्मरणग्रस्त पालकाच्या दैनंदिन सुरक्षिततेचा व मालमत्तेच्या व्यवस्थापनाचा प्रश्न पुरेसा सोडविला नाही.

३. गोव्यातील प्रयोगाने अल्प साधनांत घरपोच आधार शक्य असल्याचे दाखविले. हा आधार एकट्या पालकापर्यंत नेण्यासाठी शेजारी, स्थानिक कार्यकर्ते व पोलीस ठाणे यांचा मेळ आवश्यक आहे.

४. पालकाचे स्वतःचे मत विचारता येते तो काळ मर्यादित असतो. तो निघून गेल्यावर केलेली व्यवस्था त्याच्यासाठी असली, तरी ती त्याची राहत नाही. म्हणून पूर्वनियोजन हा सोयीचा भाग नसून पालकाच्या सन्मानाचा भाग आहे.