टिळक, लक्ष्मीबाई

टिळक, लक्ष्मीबाई नारायण (1 जून 1868 – 24 फेब्रुवारी 1936). मराठी आत्मचरित्रकार, कवयित्री आणि कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या पत्नी. ‘स्मृतिचित्रे’ या ग्रंथामुळे त्यांची ओळख लेखिका म्हणून पक्की झाली आहे. त्या आधी अनेक वर्षे नगर-राहुरीच्या ख्रिस्ती मंडळीत त्या ‘पाळकांच्या बाई’ म्हणून वावरल्या होत्या. त्यांच्या श्रद्धेचा विचार करायचा तर याच भूमिकेपासून सुरुवात करावी लागते.

जन्म नाशिकजवळच्या जलालपूर येथे, गोखले घराण्यात. माहेरचे नाव मनकर्णिका, घरात मनू. वडील नाना गोखले सोवळ्याओवळ्याच्या बाबतीत पराकोटीचे कडक होते. 1857 च्या धामधुमीत त्यांच्या सासऱ्यांना फाशी झाली. त्या धक्क्यानंतर नानांना विटाळाची धास्ती बसली, ती कायमची. बाजारातून आलेला प्रत्येक जिन्नस धुऊन मगच घरात घ्यायचा हा त्यांचा दंडक होता आणि त्यातून मीठही सुटत नसे. लक्ष्मीबाईंनी हा प्रकार पुढे हसत हसत लिहिला. त्या घरातल्या बायकांना मात्र तो रोज सोसावा लागत होता. पाणी कोणी भरले, पदार्थ कोणाच्या हातचा, कोणाची सावली कुठे पडली, या चौकशीतच लक्ष्मीबाईंचे बालपण गेले.

1880 च्या सुमारास, वयाच्या अकराव्या वर्षी, त्यांचा विवाह नारायण वामन टिळक (1861–1919) यांच्याशी झाला. टिळकांचा जन्म दापोलीकडच्या करजगावचा. सासरे वामनराव तापट होते आणि घरात त्यांचा धाक असे. टिळक स्वतः बुद्धिमान, शीघ्रकवी, वक्ते, आणि संसाराच्या दृष्टीने भरवशाचे नव्हते. नोकरी धरावी, सोडावी. घर मांडावे, मोडावे. मनात आले की न सांगता निघून जावे. हाताशी असलेले कोणाला तरी देऊन टाकावे, असा त्यांचा खाक्या होता. नाशिक, नागपूर, राजनांदगाव अशी बिऱ्हाडे फिरत राहिली. दोन अपत्ये बालपणीच गेली. मुलगा देवदत्त (दत्तू) 1891 चा. लिहिणे-वाचणे लक्ष्मीबाईंना टिळकांनीच शिकवले. धडा सुरू झाला की मास्तर चिडायचे आणि विद्यार्थिनी हिरमुसायची. तरी अक्षरओळख झाली. पुढे ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या बाईंचे शिक्षण झाले ते एवढेच.

1893 मध्ये राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात टिळकांची अर्नेस्ट वॉर्ड या मिशनऱ्याशी गाठ पडली. त्याने त्यांना नवा करार वाचायला दिला. दोन वर्षांच्या घालमेलीनंतर 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाईंना ही बातमी कळली तेव्हा त्यांची अवस्था विधवेपेक्षा वाईट झाली. नवरा जिवंत, पण जातीबाहेर. कुंकू लावावे की पुसावे, याचे उत्तर कोणत्याही शास्त्रात नव्हते. त्या लहान मुलाला घेऊन माहेरच्या माणसांच्या आश्रयाने राहिल्या. काही काळ पंढरपुरात काढला. आजारपण, रडणे, पत्रे, पुन्हा रडणे असे दिवस गेले. ही हकीकत त्यांनी कुठेही भडक केलेली नाही. उलट स्वतःच्या रडण्याकडे त्या थोड्या लांबून, मिस्कीलपणे पाहतात, आणि वाचणाऱ्याच्या पोटात तुटते ते त्यामुळेच.

काही वर्षांनी त्या नगरला टिळकांकडे परत गेल्या. त्या ख्रिस्ती होण्यासाठी गेल्या नव्हत्या. नवऱ्याजवळ राहायचे आणि आपला धर्म सांभाळायचा, अशी त्यांची अट होती. एकाच बिऱ्हाडात दोन धर्म नांदू लागले. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे, शिवाशिव वेगळी. टिळकांनी ही अट पाळली आणि बायकोवर धर्मांतराची सक्ती केली नाही. संसारातल्या बेफिकिरीबद्दल त्यांना जेवढे बोल लावता येतील तेवढेच या एका बाबतीतले संयमाचे श्रेयही द्यावे लागेल.

चूल वेगळी राहिली तरी शेजार बदलला होता. दुष्काळात पोरकी झालेली मुले, मिशनच्या शाळेतल्या मुली, नाना जातींतून आलेली ख्रिस्ती कुटुंबे यांच्यात रोजचा वावर सुरू झाला. आपण या माणसांच्या हातचे पाणी पीत नाही, याचे कारण मनाशी शोधू लागल्यावर ते सापडेना. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांना छळू लागला आणि एकदा विचार करता करता त्यांनी स्वतःशीच निकाल दिला की ती माणसाने केली. तिथून पुढे ओवळे राहिले नाही. सिद्धान्त, त्रैक्य, पापमोचन यांची चर्चा त्यांच्या घरात रोज चाले. त्यांच्या मनाची गाठ मात्र या चर्चेने सुटली नाही. ती पाण्याच्या भांड्यापाशी सुटली. नानांच्या घरात मीठ धुताना पाहिलेली मुलगी नेमक्या त्याच जागी मोकळी झाली, हे त्यांच्या धर्मांतराचे सर्वांत विश्वसनीय अंग आहे. 1900 साली राहुरीला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नवऱ्यानंतर पाच वर्षांनी, आणि स्वतःच्या कारणासाठी.

येथे पंथाबद्दल थोडे सांगणे आवश्यक आहे. टिळक दांपत्य अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीतले होते. 1813 साली मुंबईत आलेल्या या मिशनची परंपरा काँग्रिगेशनल, म्हणजे प्रत्येक स्थानिक मंडळीला आपला कारभार आपण पाहू देणारी. कोकणात बाणकोट-हर्णैकडे 1823 पासून स्कॉटिश मिशनरी आले. बॅप्टिस्टांचा मराठीशी संबंध जडला तो बंगालमधल्या श्रीरामपूरहून (नगर जिल्ह्यातले श्रीरामपूर वेगळे). तिथे विल्यम कॅरी यांनी 1805 मध्ये मराठीचे व्याकरण छापले आणि पुढे मराठी नव्या कराराचा अनुवादही तिथूनच निघाला. महाराष्ट्रात त्यांचा प्रसार मर्यादित राहिला. बॅप्टिस्टांचा मुख्य आग्रह असा की बाप्तिस्मा तान्ह्या मुलाला देऊ नये. जाणत्या माणसाने स्वतः विश्वास कबूल करून तो घ्यावा. लक्ष्मीबाई बॅप्टिस्ट नव्हत्या. तरी त्यांचा बाप्तिस्मा या कसोटीला जितका उतरतो तितका त्या मंडळींतल्या अनेकांचाही उतरणार नाही, असे म्हणायला हरकत नाही.

1904 मध्ये टिळकांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. पाळकाच्या बायकोला पगार नसतो, हुद्दा नसतो, पण काम मात्र पाळकापेक्षा जास्त असते. आल्यागेल्याचा पाहुणचार, मंडळीतल्या बायकांची भांडणे आणि बाळंतपणे, अनाथ मुलांची उस्तवार, आजाऱ्यांच्या उशाशी बसणे ही सारी कामे लक्ष्मीबाईंच्या वाट्याला आली. टिळक माणसे घरी आणीत आणि लक्ष्मीबाई त्यांना जेवू घालीत. प्लेगच्या दिवसांत लोक रोग्यापासून पळत असताना त्यांनी छावणीत रोग्यांची सेवा केली. पूर्वी विटाळाला भिणारी बाई आता संसर्गालाही भीत नव्हती.

घरात वाढलेल्या परक्या मुलांमध्ये त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजे बालकवी (1890–1918), हे सर्वांत प्रसिद्ध. 1907 च्या जळगावच्या कविसंमेलनात या मुलाने सर्वांचे लक्ष वेधले. पुढे ते नगरला टिळकांच्या घरी राहिले. लक्ष्मीबाईंनी त्यांचे लाड केले, हट्ट पुरवले, कानही उपटले. बालकवींचा रुसवा, भित्रेपणा, निरागस लहरीपणा आपल्याला ठाऊक आहे तो बव्हंशी लक्ष्मीबाईंमुळे. बालकवींचे कोणतेही चरित्र त्यांच्या आठवणी टाळून लिहिता येत नाही.

1917 मध्ये टिळकांनी मिशनची पगारी चाकरी सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त तिथे एकत्र यावेत, ही कल्पना होती. संन्यासवृत्तीची ही लाट घरातल्या बाईला पुन्हा जुन्याच काळजीत लोटणारी होती: उद्या चूल कशी पेटायची? त्या सोबत राहिल्या, पण मान हलवीत राहिल्या नाहीत. जिथे पटले नाही तिथे तसे बोलल्या आणि पुढे तसे लिहिलेही. 9 मे 1919 रोजी टिळकांचे मुंबईत निधन झाले. लक्ष्मीबाई तेव्हा एक्कावन्नाव्या वर्षात होत्या. त्यानंतरची जवळजवळ सतरा वर्षे त्या वैधव्यात जगल्या आणि लेखिका म्हणून त्यांचे खरे आयुष्य याच काळातले आहे.

टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध ख्रिस्तचरित्र सुरू केले होते. दहा-साडेदहा अध्याय झाले आणि ते गेले. लक्ष्मीबाईंनी पुढचे 64 अध्याय रचले. शाळेत न गेलेल्या बाईने एका महाकाव्याचा बहुतांश भाग लिहिला, ही गोष्ट ‘स्मृतिचित्रे’च्या लखलखाटात झाकली गेली. काव्य म्हणून ‘ख्रिस्तायन’ सर्वत्र सारखे उतरलेले नाही. ओवी कुठे कुठे नुसती कथा ओढत नेते. पण श्रद्धेचा दस्तऐवज म्हणून त्याचे मोल वेगळे. नवऱ्याचे राहिलेले काम पुरे करण्याच्या निमित्ताने त्या वर्षानुवर्षे शुभवर्तमानांच्या सान्निध्यात राहिल्या. त्यांच्या स्फुट कविता ‘भरली घागर’ या संग्रहात आहेत.

‘स्मृतिचित्रे’चा उगम वडिलांच्या चरित्राची जुळवाजुळव करणाऱ्या देवदत्तांच्या आग्रहात आहे. आईने टिळकांच्या आठवणी लिहून द्याव्यात, एवढेच मागणे होते. आठवणी लिहिता लिहिता टिळकांच्या बरोबरीने लिहिणारीही कागदावर उतरली. हे लेखन ‘संजीवनी’ या नियतकालिकातून येऊ लागले. पहिला भाग 1934 मध्ये पुस्तकरूपाने निघाला आणि पुढचे भाग मिळून ग्रंथ चार भागांचा झाला. रमाबाई रानडे यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (1910) या पुस्तकाशी त्याची तुलना नेहमी होते. दोघींनाही नवऱ्याने शिकवले आणि दोघींनीही नवऱ्याबद्दल लिहिले. रमाबाई आदराने दोन पावले मागे उभ्या राहतात. लक्ष्मीबाई शेजारी उभ्या राहतात, ‘टिळक’ असा सरळ आडनावाने उल्लेख करतात, त्यांची चेष्टा करतात, भांडण झाले तर दोन्ही बाजू मांडतात आणि आपली बाजू लंगडी असेल तर तसेही सांगतात. पंडिता रमाबाईंच्या (1858–1922) धर्मांतरामागे संस्कृत विद्वत्ता आणि वादविवाद होते; लक्ष्मीबाईंपाशी त्यांतले काही नव्हते. म्हणूनच सामान्य मराठी बाईच्या मनात धर्म कसा बदलतो, हे पाहायचे तर पंडिता रमाबाईंच्या लेखनाइतकेच, किंबहुना अधिक, लक्ष्मीबाईंचे लेखन उपयोगी पडते.

त्यांच्या भाषेत बायबलचा बोजडपणा कुठेही आलेला नाही. मिशनऱ्यांनी घडवलेल्या ‘ख्रिस्ती मराठी’ची अडखळती वाक्ये त्यांच्या कानावर रोज पडत होती, पण त्यांनी लिहिले ते माजघरातल्या चित्पावनी मराठीत. प्रार्थनेबद्दल लिहिताना त्या उपदेश करीत नाहीत, साक्षही देत नाहीत. संकट आले, प्रार्थना केली, पुढे असे असे झाले, एवढेच सांगून दुसऱ्या गोष्टीकडे वळतात. धर्मांतरितांच्या लेखनात जुन्या धर्मावर आगपाखड करण्याची चाल होती. ‘स्मृतिचित्रे’त ती नाही. माहेर-सासरच्या ब्राह्मण आप्तांबद्दल शेवटपर्यंत ओलावा आहे आणि मिशनच्या गोऱ्या माणसांबद्दल कौतुक आहे, तसा मिस्कील चिमटाही आहे.

24 फेब्रुवारी 1936 रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. जवळजवळ अडुसष्ट वर्षांच्या आयुष्यातली सुमारे बत्तीस वर्षे त्या हिंदू होत्या आणि छत्तीस ख्रिस्ती. ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या पश्चात प्रकाशित झाले. ‘स्मृतिचित्रे’च्या काही भागाचा जोसेफीन इंकस्टर यांनी केलेला इंग्रजी अनुवाद 1950 मध्ये आणि शांता गोखले यांनी केलेला संपूर्ण अनुवाद 2017 मध्ये आला. विजया मेहता यांनी या ग्रंथावर दूरदर्शनसाठी चित्रपट केला, त्यात लक्ष्मीबाईंची भूमिका सुहास जोशी यांनी केली. ग्रंथाच्या संक्षिप्त आवृत्त्याही निघाल्या आहेत. बाप्तिस्म्याआधीच्या वर्षांची घालमेल समजून घ्यायची असेल, तर नातू अशोक देवदत्त टिळक यांनी संपादित केलेली संपूर्ण आवृत्तीच वाचावी.