दोन हजार रथांचा धनी, तरी 'वाईट राजा'! हिब्रू राजांना कोणत्या मापाने मोजलं गेलं?

एखादा राजा मोठा होता हे आपण कशावरून ठरवतो? किती लढाया जिंकल्या, किती किल्ले बांधले, राज्य कुठवर वाढवलं यावरून. पण प्राचीन हिब्रू लेखकांनी आपल्या राजांचा इतिहास लिहिताना हे माप बाजूला ठेवलं. बायबलच्या जुन्या करारातल्या 'राजे' नावाच्या दोन पुस्तकांत जवळपास प्रत्येक राजाबद्दल एक शेरा आहे: देवाच्या नजरेत याने चांगलं केलं किंवा वाईट केलं.

हे राजे कोण होते?

बायबलनुसार पहिला राजा शौल. त्याच्यानंतर, इ.स.पू. १००० च्या सुमारास दावीद आला आणि मग त्याचा मुलगा शलमोन. शलमोनाने जेरुसलेमचं मंदिर बांधलं, पण त्यासाठी आणि राजवाड्यांसाठी लोकांना वेठीला धरलं. तो गेल्यावर लोकांनी त्याच्या मुलाकडे, रहबामकडे, ओझं कमी करण्याची मागणी केली. त्याने उलट ते वाढवण्याची धमकी दिली आणि इ.स.पू. ९३० च्या सुमारास राज्य फुटलं. उत्तरेला इस्राएल, दक्षिणेला यहूदा. यहूदाची राजधानी जेरुसलेमच राहिली.

दावीदलाही सूट नाही

दावीद हा सगळ्यात लाडका राजा. तरी त्याचं पाप लपवलेलं नाही. उरिया नावाच्या आपल्याच सैनिकाच्या बायकोशी त्याने संबंध ठेवले आणि पुढे उरियाला लढाईत मुद्दाम धोक्याच्या जागी उभं करून मारवलं. तेव्हा नाथान संदेष्ट्याने दावीदला एक गोष्ट सांगितली. एका श्रीमंताने गरिबाची एकुलती एक मेंढी हिसकावून घेतली. दावीद संतापला, त्या माणसाला मरणाची शिक्षा हवी म्हणाला. नाथानने सांगितलं, तो माणूस तूच आहेस. दावीदने गुन्हा कबूल केला.

दरबारातल्या इतिहासात राजाची अशी गोष्ट सहसा सापडत नाही. पुढच्या राजांची तुलना दावीदशी केली जाते, पण तो निर्दोष होता म्हणून नव्हे. चूक दाखवल्यावर तो झुकला आणि त्याने आपला देव सोडला नाही, म्हणून.

अहाब आणि नाबोथची जमीन

उत्तरेकडचा राजा अम्री याने शोमरोन ही नवी राजधानी वसवली. त्याचा दबदबा एवढा की अश्शूरी लोक पुढे कित्येक वर्षं इस्राएलला 'अम्रीचं घराणं' म्हणत. बायबलमध्ये मात्र त्याला जेमतेम सहा ओव्या मिळाल्या, त्याही निंदेसकट.

त्याचा मुलगा अहाब. इ.स.पू. ८५३ मध्ये कर्कर इथे अश्शूरी सम्राट तिसऱ्या शल्मनेसरला अडवायला अनेक राजे एकत्र आले होते. अश्शूरी शिलालेखात अहाबच्या नावावर २,००० रथ आणि १०,००० पायदळ नोंदलेलं आहे. बायबल या लढाईबद्दल एक शब्दही बोलत नाही.

मग ते काय सांगतं? परक्या देवाच्या, बआलच्या, पूजेला अहाबने थारा दिला हे सांगतं. आणि नाबोथ नावाच्या शेतकऱ्याची गोष्ट सांगतं. त्याचा द्राक्षमळा राजवाड्याला लागून होता. अहाबला तो हवा होता. वडिलोपार्जित जमीन देणार नाही, असं नाबोथने स्पष्ट सांगितलं. राणी ईजबेलने राजाच्या शिक्क्याची पत्रं धाडली, दोन खोटे साक्षीदार उभे केले आणि नाबोथला दगडांनी ठेचून मारलं गेलं. अहाब मळ्याचा ताबा घ्यायला गेला तर समोर एलीया संदेष्टा उभा.

या एलीयाचं आपल्या कोकणाशीही नातं आहे. बेने इस्राएल, म्हणजे इथे 'शनिवार तेली' म्हणून ओळखले गेलेले ज्यू, त्याला 'एलियाहू हनाबी' म्हणतात. नवस फेडताना आणि शुभकार्यात त्याच्या नावाने 'मलिदा' करतात. अलिबागजवळच्या खंडाळ्यात एका खडकावरची खूण त्याच्या रथाची मानली जाते.

चांगल्याचं चांगलंच होतं का?

इथे गोष्ट अवघड होते. यहूदाचा मनश्शे हा या यादीतला सगळ्यात वाईट राजा. निरपराधांच्या रक्ताने जेरुसलेम भरून टाकल्याचा त्याच्यावर आरोप आहे. पण त्याने ५५ वर्षं राज्य केलं, यहूदात सगळ्यात जास्त. त्याचा नातू योशीया आठव्या वर्षी गादीवर बसला. मंदिरात सापडलेला नियमशास्त्राचा ग्रंथ ऐकून त्याने सगळ्या राज्यात धर्मसुधारणा केली. तो आदर्श राजा ठरला. तरी इ.स.पू. ६०९ मध्ये मगिद्दो इथे इजिप्तचा फारो नखो याने त्याला ठार केलं. त्यानंतर २५ वर्षांच्या आतच बाबेलच्या सैन्याने जेरुसलेम आणि मंदिर जाळलं.

'राजे' ग्रंथाने या विनाशाचा दोष मनश्शेवर टाकला. एका राजाचं पाप पुढच्या पिढ्यांनी फेडलं, असं त्याचं म्हणणं. नंतर लिहिलेल्या 'इतिहास' या ग्रंथांत मात्र वेगळी कथा आहे. तिथे मनश्शे कैद होतो, पश्चात्ताप करतो आणि त्याला राज्य परत मिळतं. एकाच राजाची दोन चित्रं, आणि बायबलने दोन्ही ठेवली.

मग या शेऱ्यांचा अर्थ काय?

हा निःपक्षपाती इतिहास नाही, हे लक्षात ठेवा. लेखक जेरुसलेमच्या बाजूचे होते. त्यामुळे जेरुसलेमबाहेर पूजास्थानं उभारणाऱ्या उत्तरेच्या एकाही राजाला निखळ चांगला शेरा मिळालेला नाही. धर्मनिष्ठा हाच त्यांचा मुख्य निकष होता.

पण हे लेखक राज्य गमावलेल्या लोकांपैकी होते. आपण का हरलो, याचं उत्तर त्यांनी शत्रूच्या ताकदीत न शोधता स्वतःच्या राजांच्या वागण्यात शोधलं. त्यांच्या नियमशास्त्रात राजालाही बंधनं आहेत: फार घोडे, फार बायका, फार सोनं-चांदी जमवू नये आणि नियमांची प्रत जवळ ठेवून रोज वाचावी. राजासुद्धा कायद्याखालीच असतो, ही कल्पना त्यांनी जपली. म्हणूनच अहाबच्या रथांची नोंद अश्शूरी दगडावर राहिली आणि नाबोथचं नाव आजही लोक वाचतात.