उघडे हात, उघडं डोकं

इ.स. 197. उन्हाळ्यातल्या एका रविवारची पहाट. अजून फटफटलेलं नाही. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेज शहरात, एका अरुंद गल्लीतून तुम्ही भिंतीच्या कडेकडेने चालताय. खाली बंदरात जहाजांचे दोर करकरताहेत. इथलं धान्य रोमचं पोट भरतं. एका दाराशी थांबून तुम्ही हळूच टकटक करता. दार किलकिलं होतं. एक म्हातारी मातीचा दिवा तुमच्या चेहऱ्याजवळ धरते, निरखून बघते.

"ये बाळा. आत ये."

आत तेलाच्या धुराचा वास. ख्रिस्ती मंडळी दाटीवाटीने उभी आहे. बंदरातला हमाल, घराची मालकीण आणि तिची दासी एकाच रांगेत, आणि सगळे एकमेकांना भाऊ-बहीण म्हणताहेत. कोपऱ्यात दानपेटी आहे. महिन्यातून एकदा ज्याला जमेल तो तिच्यात नाणं टाकतो. त्यातून अनाथ पोरं, म्हातारे नोकर, खाणीत आणि तुरुंगात डांबलेले भाऊबंद यांची सोय होते.

म्हातारी कानाशी कुजबुजते, "सतरा वर्षं झाली. सिल्ली गावच्या आपल्या बारा जणांना याच शहरात न्यायासाठी उभं केलं होतं. सात पुरुष, पाच बायका. प्रांताधिपती म्हणाला, सम्राटाच्या दैवताची शपथ घ्या. नाही म्हणाले. तीस दिवस देतो, विचार करा. तरी नाहीच. त्यांच्यातल्या स्पेरातूसजवळ एक पेटी होती. काय होतं तिच्यात? पुस्तकं, आणि पौलाची पत्रं."

बाराही जणांचा तलवारीने शिरच्छेद झाला.

आज त्याच पौलाच्या नावाचं, तीमथ्याला लिहिलेलं पत्र वाचलं जातंय. राजांसाठी आणि सगळ्या अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करा, असं त्यात सांगितलंय. वाचन संपतं. सगळे पूर्वेकडे तोंड करून उभे राहतात.

आता शेजारच्या हमालाकडे नीट बघा. रोमन माणूस देवापुढे उभा राहतो तेव्हा डोक्यावरून वस्त्र ओढून घेतो. या हमालाचं डोकं उघडं आहे, कारण लाज वाटावी असं काही मागायचं नाही. त्याचे हात पसरलेले, तळवे वर. दोरांनी पडलेले घट्टे दिव्याच्या उजेडात चमकतात. सरकारी विधीत पुढचा शब्द सांगायला माणूस लागतो. इथे तो नाही. प्रार्थना मनातून येते.

आणि ती कुणासाठी? सम्राट सेप्टिमियस सेव्हेरससाठी. हा याच आफ्रिकेतल्या लेप्टिस मॅग्नाचा. चार वर्षं गादीसाठी लढाया चालल्या. याच फेब्रुवारीत लुग्दुनुमजवळ त्याने शेवटचा प्रतिस्पर्धी संपवला. ही मंडळी त्याच्यासाठी काय मागते, ते कार्थेजच्याच ख्रिस्ती लेखक तेर्तुल्यानने याच वर्षी लिहून ठेवलंय: दीर्घायुष्य, निर्धोक राज्य, सुरक्षित घर, शूर सैन्य, एकनिष्ठ सिनेट, सज्जन प्रजा, शांत जग.

तुमच्या घशात काहीतरी अडकतं. ज्याचे अधिकारी उद्या याच दारावर लाथ मारतील, त्याच्या घराला सुख मागायचं?

पण ऐका. ज्याला आयुष्य मागून द्यावं लागतं, तो देव नसतो, माणूस असतो. हे लोक सम्राटापुढे धूप जाळणार नाहीत, त्यापायी जीव देतील. पण त्याच्यासाठी देवापुढे हात पसरतील. एवढ्या एका कृतीत त्यांनी त्याच्यावर प्रेमही केलं आणि त्याला त्याची जागाही दाखवली.

"आमेन." पाठोपाठ सगळं घर म्हणतं, "आमेन."

डोळे उघडा. समोर नगरच्या, पुण्याच्या नाहीतर वसईच्या चर्चमधला बाक आहे. पंखा गरगरतोय. राष्ट्रपती, पंतप्रधान, मुख्यमंत्री यांच्यासाठी प्रार्थना सुरू झालीय. ज्याला तुम्ही मत दिलं नाही, ज्याच्या बातम्या बघून कालच टीव्ही बंद केलात, त्याचं नाव येतं. जीभ जड होते. इथेच पुटपुटून पुढे सरकू नका. त्याला सुबुद्धी मागा, न्यायाची चाड मागा, त्याच्या लेकराबाळांना सुख मागा, आणि मनापासून मागा. ज्याच्यासाठी हात पसरले, त्याचा द्वेष करणं अवघड होतं, आणि त्याची पूजा करणं तर त्याहून अवघड.

तळवे वर करा. तो हमाल अजून शेजारी उभा आहे.